झोपून केलेला अभ्यास

माणसाने कोणत्या वयापर्यंत नापास व्हावं, याला काही मर्यादा असावी. शाळकरी पोराने नापासाचं प्रगतिपुस्तक आणलं तर बाप त्याला मारतो. म्हणजे घरात निदान एकाला तरी त्याचं वाईट वाटतं. केस पिकलेला बाप नापास होऊन घरी आला तर मुलगी त्याला पाण्याचा ग्लास आणून देते आणि जाताना दार हळूच लोटून घेते. हे मारापेक्षा जास्त लागतं.

मी पाणीपुरवठा खात्यात वरिष्ठ लिपिक आहे. लोकांचे पाण्याचे मीटर बंद पडतात, उलटे फिरतात, काही ठिकाणी पाणी न येता नुसत्या हवेवर गरगरतात, आणि त्या सगळ्यांच्या तक्रारी माझ्या टेबलावर येऊन शांत होतात. अधीक्षक व्हायचं असेल तर खात्याची परीक्षा द्यावी लागते. सेवानियमावली नावाचा एक ग्रंथ आहे, त्यावर ती परीक्षा असते. त्या ग्रंथात कर्मचारी आजारी पडला तर काय, बेपत्ता झाला तर काय, आणि बेपत्ता झालेला आजारी होऊन परत आला तर काय, या सगळ्याची सोय केलेली आहे. फक्त तो ग्रंथ कोणाच्या डोक्यात कसा राहावा, याची सोय केलेली नाही. मी त्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालो होतो.

माझा साडू आमच्याच खात्याच्या दुसऱ्या कार्यालयात आहे. तो पहिल्या खेपेला पास झाला. त्याने माझं सांत्वन करायला फोन केला.

"अरे, मनाला लावून घेऊ नकोस. मी तरी कुठे फार अभ्यास केला होता? सहज जाऊन बसलो, झालं."

सांत्वनाचा हा प्रकार शत्रूवर करायला हरकत नाही.

खरं सांगायचं तर अभ्यासात मी कसूर केली नव्हती. परीक्षेआधी सलग कित्येक रात्री मी जागलो होतो. कॉफी प्यायलो, तोंडावर पाण्याचे हबके मारले, पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून नियम पाठ केले. परिणामी परीक्षेच्या दिवशी मला सर्दी झाली होती आणि पितृत्व रजा कोणाला मिळते या प्रश्नाला मी 'सेवानिवृत्त कर्मचाऱ्यास' असं उत्तर लिहून आलो.

मुलगी मानसशास्त्र शिकते. अशा मुली घरात असू नयेत, कारण त्यांना आपण काय करतो हे दिसतंच, शिवाय का करतो हेही त्यांना परीक्षेला असतं. ती म्हणाली, "बाबा, तू चुकीचं करतोयस. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत नीट लावून ठेवतो. तू झोपलाच नाहीस तर ते लावणार कोण?"

"म्हणजे झोपून अभ्यास होतो?"

"झोपून अभ्यास होत नाही. केलेला अभ्यास झोपेत पक्का होतो."

या दोन वाक्यांतला फरक तिने मला चांगला उदाहरणं देऊन समजावला होता. मी पहिलंच वाक्य लक्षात ठेवलं. माझी झोप झालेली नव्हती, हे त्याचं शास्त्रीय कारण.

तर अशा रीतीने मी झोपायचं ठरवलं. कार्यक्रम साधा होता. संध्याकाळी ग्रंथ वाचायचा, जेवण झाल्यावर बायकोने त्यातले प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायची, आणि लगेच दिवा घालवून आडवं व्हायचं. शिवाय कार्यालयात दुपारी एक छोटी डुलकी. बायकोच्या हातात ग्रंथ देताना मला जरा धाकधूक होती, कारण आमच्या घरात विसरण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती चष्मा फ्रिजमध्ये ठेवायची, चहात दोनदा साखर घालायची आणि दूध उतू गेलं की "अगं बाई, मी कधी ठेवलं होतं?" असं दुधालाच विचारायची. मी त्यावर चार लोकांत विनोद करत असे. लोक हसत. ती पण हसायची. तिला तो विनोद दर वेळी नवा वाटतो, अशी माझी समजूत होती.

कुठलीही गोष्ट अवघड करून ठेवायची असेल तर ती मुद्दाम करायला घ्यावी. एरवी मी बसच्या दांड्याला लटकून झोपू शकतो. पण आता झोप ही जबाबदारी झाली. दिवा घालवला की मी डोळे मिटून, हात सरळ ठेवून, परीक्षकाची वाट बघितल्यासारखा पडून राहायचो, आणि झोप काही यायची नाही.

ही बातमी इमारतीत कशी पसरली ते मला ठाऊक नाही. पण आमच्या इमारतीत भिंतींना कान आहेत, आणि जिन्याला तोंड आहे. पहिले आले खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आयुष्यभर मुलांना पहाटे उठवलं आणि ते काम आता कोणी देत नसल्यामुळे ते हिंडते झाले आहेत.

"झोपून पास होणार म्हणे तुम्ही?" त्यांनी दारातच विचारलं.

"तसं नाही, मास्तर. शास्त्र असं सांगतं की..."

"शास्त्र! आम्ही कंदिलाखाली शिकलो. डुलकी आली की शेंडी खिळ्याला बांधायचो."

त्यांच्या डोक्यावर आज एकही केस नाही. म्हणजे अभ्यास बराच झाला असावा.

मग समोरच्या औषधवाल्यांनी सांगितलं की नाकाने श्वास घ्या, पोटात धरा आणि तोंडाने सोडा. मी धरला, तो सोडायचा विसरलो आणि ठसका लागून उठून बसलो. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, शंभरपासून उलटे आकडे मोजा. आमचे हे नव्वद यायच्या आत घोरायला लागतात." कारकुनाला उलटे आकडे मोजायला सांगू नये. मध्येच एखादा सुटल्याचा संशय आला की तो पुन्हा पहिल्यापासून ताळा घेतो. माझा ताळा पहाटे जुळला, तोवर दूधवाला आला होता.

सल्ला देऊन लोक थांबले असते तरी चाललं असतं. पण दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं, याची त्यांना काळजी. कसाबसा डोळ्याला डोळा लागला की बेल वाजायची.

"लागली का हो झोप?"

"लागली होती."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

शेवटी बायकोने दारावर पुठ्ठा लावला: 'अभ्यास चालू आहे. बेल वाजवू नये.' त्यामागचा हेतू चांगला होता. पण एका रविवारी दुपारी मी जेवून पडलो आणि खरोखर गाढ झोपलो. जाग आली तेव्हा बाहेर जिन्यात माणसांचा आवाज येत होता. दार उघडलं तर पुठ्ठ्यासमोर पाच-सहा शेजारी गंभीरपणे उभे होते.

"उठलात का?" हेडमास्तर म्हणाले. "आम्ही ऐकत होतो. मोठ्याने अभ्यास करायची जुनी पद्धत दिसते तुमची. तळमजल्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता."

मी घोरतो, असा तो आरोप होता. मी तो तिथल्या तिथे फेटाळला. मी घोरत नाही. निदान मी जागा असताना तरी मला कधी ऐकू आलेलं नाही.

आता कार्यालयाकडे वळू. आमच्याकडे दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं कार्यालय झोपतं. ही गोष्ट खात्यात सर्वांना माहीत आहे आणि कोणालाही माहीत नाही. प्रत्येकाची आपापली रीत आहे. कोणी डोक्याला हात लावून विचार करत झोपतो, कोणी फोन कानाला लावून झोपतो. पण या कलेतला खरा उस्ताद म्हणजे अभिलेख कक्षातले समाधीकाका. समोर फाईल उघडी, हातात पेन, पेनाचं टोक कागदाला टेकलेलं, मान किंचित खाली. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता एक अत्यंत कठीण शेरा मारणार आहे. असा शेरा मारण्याच्या बेतात ते गेली कित्येक वर्षं आहेत. मात्र कोणी विचारलं, "काका, जुन्या टाकीची फाईल?" की डोळे न उघडता ते डाव्या हाताने कपाट दाखवतात, "खालून दुसरा कप्पा, निळ्या दोरीची." आणि ती तिथे असते.

इतरांसारखा मीही गुपचूप झोपलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मी सेवानियमावली वाचत होतो ना. त्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय की कर्तव्याच्या वेळेतील कोणत्याही सवलतीसाठी पूर्वपरवानगी आवश्यक आहे. मला वाटलं, भावी अधीक्षकाने नियमाप्रमाणे झोपावं. मी रीतसर अर्ज केला: 'खातेपरीक्षेच्या अभ्यासाचे दृढीकरण होण्यासाठी दुपारी अल्पकाळ निद्रा घेण्यास परवानगी मिळणेबाबत.'

साहेबांनी मला आत बोलावलं. आमचे साहेब वाईट नाहीत. फक्त कागद बघितला की त्यांना घाम फुटतो.

"हे काय आहे?"

"झोपेचा अर्ज आहे, साहेब."

"ते वाचलं. पण तुम्ही हा लेखी का दिलात?"

"नियमाप्रमाणे."

साहेबांनी ग्लास उचलला. पाणी प्यायले. मग म्हणाले, "झोप ही रजा आहे का?"

"नाही, साहेब."

"काम आहे?"

"शास्त्राप्रमाणे आहे. झोपेत मेंदू दिवसभराच्या गोष्टी लावून ठेवतो."

"मग त्याचा मासिक प्रगती अहवाल देणार का तुम्ही?"

मी म्हणालो की द्यायला हरकत नाही. चेष्टेत विचारलेल्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा माणूस साहेबांच्या नोकरीत पहिलाच असावा. त्यांनी कपाळाला हात लावला. अर्ज आवक झाला होता, त्यावर क्रमांक पडला होता. आता तो फाडता येत नव्हता. तो 'मार्गदर्शनास्तव' मुख्य कार्यालयाकडे गेला.

मुख्य कार्यालयाने मार्गदर्शन केलं नाही. त्यांनी उलट विचारलं, 'आपल्या कार्यालयात दुपारी झोपण्याची प्रथा आहे किंवा कसे, याचा खुलासा करावा. खातरजमेसाठी कोणत्याही दिवशी पूर्वसूचना न देता भेट देण्यात येईल.'

दुसऱ्या दिवसापासून साहेब जेवणानंतर हातात पट्टी घेऊन टेबलांमधून फिरायला लागले. ते बिचारे स्वतःही आतल्या खोलीत आरामखुर्चीवर पडायचे. त्यांची पण झोप गेली. सगळं कार्यालय टक्क जागं. आयुष्यात प्रथमच माझ्या सहकाऱ्यांनी एकमेकांना दुपारच्या उजेडात पाहिलं आणि त्यांना ते आवडलं नाही. मला तर कोणी चहालाही विचारेना. टंकलेखन करणाऱ्या बाई रोज माझ्या टेबलाजवळून जाताना मोठ्याने म्हणायच्या, "काही लोकांना झोपसुद्धा टिपणी टाकून लागते."

पण सगळ्यात वाईट अवस्था समाधीकाकांची झाली. ते डोळे उघडे ठेवून बसायचे आणि काहीच दिसत नसल्यासारखे बघायचे. फाईल मागितली की कपाटापाशी जाऊन उभे राहायचे आणि कशासाठी आलो ते विसरायचे. एकदा साहेबांनी त्यांच्याकडे पाणीपट्टीचा ठराव मागितला. काकांनी अत्यंत आदराने स्वतःचा जेवणाचा डबा पुढे केला.

नेमकी त्याच सुमाराला एका मोठ्या रुग्णालयाच्या जोडणीची फाईल हरवली. नवी इमारत बांधून तयार, खाटा मांडलेल्या, आणि नळाला पाणी नाही, कारण मंजुरीचा कागद आमच्या अभिलेख कक्षात कुठेतरी होता. रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर स्वतः येऊन साहेबांसमोर बसले. बारा कपाटं उपसली. धूळ अशी उडाली की डॉक्टर शिंकायला लागले आणि शिंकता शिंकता म्हणाले, "उद्या वर्तमानपत्रात देतो." काका मध्ये उभे. त्यांच्या हातात कुठल्यातरी केशकर्तनालयाची फाईल.

"काका, आठवा," साहेब जवळजवळ रडत होते.

"आठवत नाही हो साहेब. डोक्यात सगळं आहे, पण ढीग झालाय नुसता. पूर्वी दुपारी जरा डोळे मिटले की जिथल्या तिथे लागायचं."

मी म्हणालो, "साहेब, मी अर्जात हेच लिहिलं होतं."

"तुम्ही गप्प बसा!" साहेब आणि डॉक्टर एकदम म्हणाले. डॉक्टरांचा माझ्याशी काय संबंध होता, ते मला अजून कळलेलं नाही.

मग साहेबांनी इतिहास घडवला. त्यांनी स्वतः आपली आरामखुर्ची अभिलेख कक्षात आणवली, पडदा ओढला आणि काकांना म्हणाले, "झोपा." सगळं कार्यालय चवड्यावर चालत होतं. डॉक्टर बाकावर बसले होते. थोड्या वेळाने काका उठले, चष्मा पुसला, सरळ चालत तिसऱ्या कपाटापाशी गेले आणि म्हणाले, "हे पुढे ओढा. मागे पडलीय. रंगकाम झालं तेव्हा मी वर ठेवली होती." फाईल मागेच होती.

त्या दिवसापासून कार्यालयात पूर्वीसारखी झोप सुरू झाली. मुख्य कार्यालयाला 'अशी प्रथा नाही' असा खुलासा गेला. तो टंकलेखन करणाऱ्या बाईंनी डुलकी काढून उठल्यावर ताज्या डोक्याने टाईप केला. माझ्या अर्जाचा निकालही लागला. 'अर्जदाराची विनंती अमान्य करण्यात येत आहे. विषय पुन्हा उपस्थित करू नये.' म्हणजे संपूर्ण कार्यालयात झोपायला लेखी मनाई असलेला मी एकटा. दुपारी सगळीकडे मंद श्वास चालू असतात, पंखा फिरत असतो, आणि मी ताठ बसून उलट्या फिरणाऱ्या मीटरांना उत्तरं लिहीत असतो. शास्त्राच्या पहिल्या प्रचारकांना लोक असंच वागवतात, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी मात्र परिस्थिती सुधारेना. मी लवकर झोपत होतो, पुरेसे तास झोपत होतो, आणि सकाळी उठल्यावर डोकं ओल्या पोत्यासारखं जड. नियम काही डोक्यात ठरत नव्हते. मुलीने एक दिवस सकाळी चहा पिताना फोन टेबलावर ठेवला.

"बाबा, हे ऐक."

आधी मला वाटलं, रस्त्यावर खडी फोडतायत. मग ते थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मी म्हणालो, "संपलं का?" तेवढ्यात बुडालेला माणूस वर यावा तसा एक भयंकर आवाज आला आणि खडी पुन्हा सुरू.

"हा तू आहेस," मुलगी म्हणाली.

"हा मी नाही."

"अहो, तुम्हीच आहात," बायको शांतपणे म्हणाली. "मी ओळखते ना."

आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा घसा पाहिला, मान मोजली, पोटाकडे पाहून काहीतरी लिहिलं. म्हणाले की झोपेत तुमचा श्वास मध्ये मध्ये अडतो, त्यामुळे तुम्ही झोपता पण तुमची झोप होत नाही. पाठीवर झोपू नका, कुशीवर वळा, वजन उतरवा, आणि रीतसर तपासणी करून घ्या. इथवर ठीक होतं. मग त्यांनी खुर्ची बायकोकडे वळवली. तपासायला मी गेलो होतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून द्यायला हवं होतं.

"तुमची झोप कशी असते?"

"माझी?" तिने असा चेहरा केला, जणू हा प्रश्न तिला कोणीच कधी विचारला नव्हता. "मला आवाजाची सवय झालीय. आवाज थांबला की मात्र जाग येते. वाटतं, ह्यांना काही झालं की काय. मग पुन्हा सुरू होईपर्यंत बघत बसते."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"हल्ली विसरायला होतं का?"

मुलगीच म्हणाली, "चष्मा फ्रिजमध्ये ठेवते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं. त्या चित्रात पाहण्यासारखं बरंच होतं.

त्याच रात्रीपासून बायको उशी घेऊन मुलीच्या खोलीत झोपायला गेली. "थोडे दिवस," ती म्हणाली. पहिल्या आठवड्यात तिने नुसती झोप काढली. सुट्टीच्या दिवशी तर इतका वेळ झोपली की मी दोनदा दाराशी जाऊन श्वास ऐकून आलो. दुसऱ्या आठवड्यात चष्मा फ्रिजमधून नाकावर आला. दूध उतू जायचं बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात ती चहा गाळता गाळता एकदम थांबली आणि म्हणाली, "अहो, ती हिरवी छत्री मी नव्हती हरवली."

"कुठली छत्री?"

"मुलगी बालवाडीत होती तेव्हाची. तुम्ही नाटकाला घेऊन गेला होतात. येताना रिकाम्या हाताने आलात आणि मला म्हणालात, तूच कुठेतरी विसरलीस. मी सगळ्या नातेवाइकांकडे शोधली ती."

हे काहीच नव्हे. पुढे रोज एक निघायला लागलं. लग्नाच्या वर्षी समुद्रावर न्यायचं कबूल केलं होतं ते. तिच्या भावाच्या घरी जेवताना तिच्या विसरभोळेपणावर केलेला विनोद आणि त्यावर कोण कोण हसलं ते. तिच्या शिवणाच्या परीक्षेच्या दिवशी मी घराची किल्ली घेऊन गेलो होतो ते. सगळं साल, वार, अंगावरच्या कपड्यांसकट. मी मुलीला एका बाजूला घेऊन विचारलं, "झोप मिळाली की जुनंही आठवतं का गं?"

"नवीन पक्कं होतं, बाबा. इतकं जुनं परत येतं असं काही आमच्या पुस्तकात नाही."

पुस्तक लिहिणाऱ्याला माझी बायको भेटलेली नसावी.

याचा परिणाम रात्रीच्या प्रश्नोत्तरांवर झाला. पूर्वी ती ग्रंथ बघून प्रश्न विचारायची आणि माझं उत्तर बरोबर की चूक हे शोधेपर्यंत पान हरवायची. आता ती भाजी निवडता निवडता, ग्रंथ न उघडता विचारू लागली. "निलंबित कर्मचाऱ्याला मुख्यालय सोडता येतं का?"

"येतं."

"परवानगीशिवाय?"

"हो."

"नाही येत! काल सांगितलं होतं. परवा सांगितलं होतं. एवढं सोपं लक्षात राहत नाही तुमच्या? कसं व्हायचं तुमचं?"

'कसं व्हायचं तुमचं' हे माझं वाक्य होतं. मी ते वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत केलं होतं. ते असं धार लावून परत येईल याची मला कल्पना नव्हती. मी रागाने कुशीवर वळून झोपायचो. पण सकाळी उठलो की जाणवायचं, रात्री जिथे बोलणी खाल्ली तेवढे नियम डोक्यात जसेच्या तसे उभे आहेत. मुलगी म्हणाली की बरोबर आहे, मनाला लागलेली गोष्ट मेंदू झोपेत आधी पक्की करतो. मी बायकोला हे सांगितलं नाही. तरी तिने ते ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ती उत्तर बरोबर आलं तरी सुनवायला लागली.

परीक्षेला मी सर्दीशिवाय गेलो. प्रश्नपत्रिका उघडली आणि बायकोचा आवाज सुरू झाला. 'अहो, किती वेळा सांगायचं, नव्या माणसाचा परिवीक्षेचा काळ वाढवता येतो, पण लेखी कारण द्यावं लागतं!' मी भराभर लिहीत गेलो. जिथे तिने मला नुसतं समजावून सांगितलं होतं तिथे डोकं कोरं. जिथे अपमान केला होता तिथे पान भरलं. एका उत्तराची सुरुवात मी 'अहो' अशी केली होती, ती वेळीच खोडली.

मी पास झालो. फार वर नाही, पण यादीत होतो. हेडमास्तर पेढ्याची वाट न बघता आले आणि म्हणाले, "शेवटी शिस्तच कामाला आली ना?" औषधवाल्यांनी श्रेय श्वासाला दिलं, बँकवाल्या वहिनींनी आकड्यांना. साडूचा फोन आला. "अभिनंदन! यंदा पेपर सोपा काढला होता म्हणे." समाधीकाकांनी एकट्यांनीच डोळे उघडून हात मिळवला, आणि पुन्हा मिटले.

अधीक्षक म्हणून रुजू होऊन थोडे दिवस झाले होते. एका सकाळी मी दाढी करून बाहेर आलो तर बायको बैठकीत बसलेली, पायाशी भरलेली बॅग.

"कुठे?"

"ताईकडे. रजेवर चाललेय."

"रजा? कसली रजा?"

"अर्जित. सेवेत असताना साठत जाते. मी तर आजवर एकदाही घेतली नाही."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा मी माझा नवा अधीक्षकी आवाज काढला. "अगं, पण रजा हा हक्क नाही. नियमात स्पष्ट आहे. ती मागता येते, मंजूर करणं वरिष्ठांच्या हातात असतं."

"बरोबर," ती म्हणाली. "पण नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं. द्या. 'मला भाजी करता येत नाही' असं लिहा आणि खाली सही करा. पदनामासह."

मुलगी दाराच्या आड तोंडावर हात धरून उभी होती. मी पेन शोधायचा बहाणा केला. खाली रिक्षा येऊन थांबली, बायकोने बॅग उचलली, स्वयंपाकघरातला गॅस बंद असल्याची एकदा खात्री करून घेतली आणि गेली.

पहिला दिवस मी मानाने काढला. दुसऱ्या दिवशी दूध उतू घालवलं. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना, म्हणून फ्रिज उघडून पाहिला. तिथे नव्हता, तो गरम पाण्याच्या पातेल्यात होता. संध्याकाळी मी ग्रंथ काढला. सार्वजनिक हितासाठी कर्मचाऱ्याला रजेवरून परत बोलावता येतं, असा एक नियम आहे. मी तो दोनदा वाचला, घसा साफ केला आणि साडूच्या घरी फोन लावला.

साडूनेच उचलला. त्याचा आवाज बसलेला होता.

"बरं झालं फोन केलास," तो कुजबुजत म्हणाला. "काल जेवताना हिने तिला विचारलं, आमच्या लग्नातलं काही आठवतं का गं? आणि तिने सुरू केलं. कोण काय म्हणालं, मी कोणाला काय कबूल केलं, सगळं. हिने मला रात्रभर झोपू दिलं नाही. तुझं काय काम होतं?"

"तिला परत बोलवायचं होतं."

"आत्ता झोपलीय. गाढ. उठवू का?" त्याच्या आवाजात आशा होती.

मी ग्रंथ मिटला.

"नको," मी म्हणालो. "झोपू दे. उठली की अजून काहीतरी आठवेल."